शटर वीतभर उघडं होतं

आमच्या घरात आत्याशी वाद घालायच्या भानगडीत कुणी पडत नसे. वाद घालायचा तर आपण आधी काय बोललो होतो ते आठवावं लागतं, आणि ते तिच्याइतकं कुणालाच आठवत नसे. बाबा एकदा जोरात म्हणाले, "मी असं कधी म्हणालोच नाही." आत्याने बटण शिवता शिवता मान वर न करता सांगितलं, "म्हणालास. बुधवारी, जेवताना. आधी पाणी मागितलंस आणि मग म्हणालास, या महिन्यात नवा पंखा घेऊच. 'बघू' नाही म्हणालास. 'घेऊच' म्हणालास." पंखा आला. त्या दिवसापासून बाबा तिला 'रेकॉर्डबाई' म्हणायला लागले आणि ते नाव तिला असं चिकटलं की तिच्या कचेरीतले शिपाईसुद्धा पाठीमागे तिला तेच म्हणत.

आत्या सत्र न्यायालयात स्टेनो होती. सदतीस वर्षं तिने एकच काम केलं. साक्षीदार बोलायचा, वकील विचारायचे, न्यायाधीश सांगायचे आणि आत्या लिहायची. आजोबा गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि बाबा दहा वर्षांचे. तिने कॉलेज सोडलं, सकाळी टायपिंग आणि संध्याकाळी शॉर्टहँडचा वर्ग धरला आणि दीड वर्षात नोकरीला लागली. भावाला शिकवलं, त्याला शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान काढून दिलं, त्याचं लग्न लावलं. स्वतःचं लग्न राहून गेलं. त्याबद्दल विचारलं की म्हणायची, "तारीख पडत गेली, निकाल लागलाच नाही."

कोर्टाच्या मागच्या रस्त्यावर तिच्या दोन खोल्या होत्या. एका खोलीत पलंग आणि कपाट, दुसरीत ओटा आणि खिडकीजवळ टेबल. टेबलावर टोक केलेल्या पेन्सिली एका जुन्या काचेच्या बरणीत उभ्या असायच्या. मी लहानपणी शाळेतून तिच्याकडे जायची. तिच्या वहीतल्या त्या बारीक वळणांकडे आणि ठिपक्यांकडे बघून मला वाटायचं, मुंग्या शाईत पाय बुडवून चालल्यात.

"यात रडणं कसं लिहितात?" मी एकदा विचारलं होतं.

"रडणं कंसात लिहितात. साक्षीदार रडला, असं. तेवढंच. किती रडला, कसा रडला, ते नाही लिहीत."

"का?"

"कारण कुणी मोठ्याने रडतं आणि कुणाला रडताच येत नाही. वाचणाऱ्याने त्यावरून खरंखोटं ठरवू नये."

मी सतरा वर्षांची असताना बाबांचा खून झाला.

त्या दिवशी बाजाराची सुट्टी होती. आमच्या दुकानाची रांग त्या दिवशी पूर्ण बंद असते. बाबा संध्याकाळी एका गिऱ्हाइकासाठी सुयांचा डबा आणायला म्हणून दुकानात गेले. त्यांना सुटे भाग आणून देणारा टेम्पोवाला त्याच वेळी मागच्या दाराने आत शिरलेला होता. दुकानात कुठे काय असतं हे त्याला पाठ होतं. किती वेळा बाबांनी त्याला चहा पाजला होता. बाबांनी त्याला पाहिलं आणि त्याने बाबांच्या डोक्यात मशीनचा लोखंडी दांडा घातला. शिलाई मशीनला लावायच्या तीन नव्या मोटारी टेम्पोत टाकल्या आणि पुढचं शटर ओढून तो निघून गेला. बाबा तेव्हा जिवंत होते. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की ते पहाटेपर्यंत जिवंत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या दुकानातल्या शिंपीकाकांनी शटर उचललं तेव्हा बाबा दारापासून दोन हातांवर होते. तिथपर्यंत ते सरपटत आले होते.

बाबा त्या रात्री घरी आले नाहीत याचं आईला काही वाटलं नव्हतं. मोठ्या कारखान्याची मशीनं बिघडली की ते तिथेच मुक्काम करायचे आणि कामात असले की फोन उचलायचे नाहीत. आईने दोनदा फोन लावला, मग जेवण झाकून ठेवलं आणि ती झोपली.

टेम्पोवाला चार दिवसांत सापडला. मोटारी त्याच्या मेव्हण्याच्या घरात मिळाल्या, दांड्यावर त्याच्या बोटांचे ठसे मिळाले. खटला आमच्या गावच्या कोर्टात चालवता येईना, कारण आत्या तिथेच नोकरीला. म्हणून तो दीड तासावरच्या दुसऱ्या कोर्टात गेला. प्रत्येक तारखेला आत्या रजा टाकायची आणि आम्ही तिघी सकाळच्या बसने निघायचो. आई खिडकीशी, मी मध्ये, आत्या कडेला. कोर्टात आत्या तिसऱ्या रांगेत बसायची, मांडीवर वही उघडायची आणि लिहायला लागायची.

"आता कशाला लिहिता वन्सं?" आई पहिल्या दिवशी म्हणाली होती. "इथे त्यांचा माणूस आहे लिहायला."

"हात रिकामे राहिले की थरथरतात," आत्या म्हणाली.

तिचे हात थरथरतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

शिंपीकाकांची साक्ष झाली त्या दिवशी उन्हाळा अंगावर येत होता. मध्येच वीज गेली. पंखे थांबले आणि खिडकीखाली जनरेटर धडधडायला लागला. शिंपीकाका हळू आवाजात बोलणारे. टेबलाशी बसलेली स्टेनो मुलगी नोकरीत दुसऱ्याच महिन्याची, पुढे वाकून वाकून ऐकत होती. संध्याकाळी टाइप केलेली साक्ष समोर आली तेव्हा शिंपीकाकांनी चष्मा विसरल्याचं सांगितलं आणि दाखवलं तिथे सही केली. आम्हाला शेवटची बस पकडायची होती.

वर्षभराने निकाल लागला. दोषी. आई खुर्चीतच वाकली आणि मी तिची पाठ धरली. आत्याने वही मिटली. आता फक्त शिक्षा ठरायची होती आणि त्यासाठी दहा दिवसांनंतरची तारीख मिळाली. जन्मठेप की फाशी, एवढाच प्रश्न उरला होता.

सरकारी वकिलांनी आम्हाला त्यांच्या खोलीत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. आमच्यासाठी जीव तोडून भांडला होता. कागदांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत त्यांनी आम्हाला तीन खुर्च्या मोकळ्या करून दिल्या.

"फाशीसाठी साधा खून पुरत नाही," ते म्हणाले. "क्रौर्य दाखवावं लागतं. आपल्याकडे ते आहे. शटर. माणूस जिवंत आहे हे बघून त्याने शटर पूर्ण खाली ओढलं, बंद केलं. आवाज बाहेर जाऊ नये, प्रकाश दिसू नये, कुणी मदतीला येऊ नये. हा तात्पुरता राग नाही, हे थंड डोक्याचं काम आहे. माझा सगळा युक्तिवाद त्या शटरवर उभा आहे." मग ते माझ्याकडे वळले. "आणि बाळ, तू बोलायचंस. वडिलांचा फोटो घेऊन ये. रडू आलं तर आवरू नकोस. न्यायाधीशसुद्धा माणूसच असतो."

"तिला बोलायचं असेल तर ती बोलेल," आत्या म्हणाली. "पण रडायचं की नाही ते तुम्ही सांगू नका."

"बाई, कायदा म्हणजे दगड नव्हे. घरातल्यांचं दुःख दिसल्याशिवाय काय गेलं ते कोर्टाला कळणार कसं?"

"ते खरं आहे," आत्या म्हणाली. "दिसू द्या. पण मोजू नका." आणि तिने त्यांच्याकडून साक्षींच्या नकला वाचायला मागून घेतल्या.

ती व्हरांड्यातल्या बाकावर वाचत बसली. आई आणि मी चहा घेऊन आलो तेव्हा ती एकाच पानावर होती. चहा गार झाला. पुढचे दोन दिवस मी तिच्याकडेच राहिले होते, तेव्हा ती टेबलाशी बसून स्वतःची वही पुन्हा पुन्हा वाचत होती. एकच पान. जेवायला हाक मारली की यायची, दोन घास खायची, परत जाऊन बसायची. तिला काय झालं आहे ते मला कळेना आणि विचारायचा धीर होईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "चल. वकिलांकडे जायचंय. तुझ्या आईला मी आल्यावर सांगेन."

सरकारी वकिलांच्या टेबलावर तिने दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या. एक, कोर्टाची नक्कल. त्यात शिंपीकाकांच्या साक्षीत लिहिलं होतं, 'मी आलो तेव्हा शटर बंद होतं.' दुसरी, तिची वही. त्यातली मुंग्यांची रांग तिने बोट ठेवून वाचून दाखवली. "'मी आलो तेव्हा शटर बंद होतं, म्हणजे पूर्ण नाही, खाली वीतभर उघडं होतं, आतला दिवा दिसत होता.' जनरेटरच्या आवाजात त्या पोरीचं पुढचं वाक्य निसटलं. शिंप्याने न वाचता सही केली."

वकिलांनी दोन्हीकडे पाहिलं. "आरोपीच्या वकिलाने हा मुद्दा काढलेला नाही."

"तो कशाला काढेल? त्याचं म्हणणं आहे की त्याचा माणूस तिथे नव्हताच. मग शटर कसं होतं याच्याशी त्याला काय देणंघेणं? पण ते शटर खालून वीतभर वर अडकतं. माझ्या भावाचं दुकान आहे, मला माहीत आहे. लाथ मारल्याशिवाय पूर्ण बसत नाही. त्याने लाथ मारली नाही. ओढलं आणि पळाला."

"बाई, याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना? माझा युक्तिवाद पडतो. तो तुमच्या भावाचा खुनी आहे."

"खुनी आहेच. खून त्यानेच केला. त्याला जी शिक्षा व्हायची ती त्याने जे केलं त्याची होऊ दे. न केलेल्याची नको."

"आणि मी ही वही पुढे नाही नेली तर?"

आत्याने वही उचलून पिशवीत ठेवली. "तर मी ती समोरच्या वकिलाला नेऊन देईन. तुमच्याबद्दल मला आदर आहे, म्हणून आधी तुमच्याकडे आले."

वकिलांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाले, "बसा. अर्ज लिहूया."

बाहेर आल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. भर रस्त्यात. मी म्हणाले, तुझं बाबांवर प्रेमच नव्हतं. म्हणाले, तुला माणसं कळत नाहीत, तुला फक्त वाक्यं कळतात. आणखीही बरंच म्हणाले, ते आज लिहायची मला लाज वाटते. तिने सगळं ऐकून घेतलं. मग रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसली आणि मला शेजारी बसवलं.

"एक म्हातारी होती," ती म्हणाली. "बाजारात पोती शिवायची. तिला एकाने मारून टाकलं, तिच्या झोपडीसाठी. त्या खटल्यात ऐकायला एक माणूस नव्हता. खुर्च्या रिकाम्या. शिक्षेचा युक्तिवाद वीस मिनिटांत उरकला. कमी शिक्षा झाली. त्याच महिन्यात दुसरा खटला होता. जवळजवळ तेच कृत्य. पण मेलेल्या माणसाचं गोत मोठं, हॉल भरून रडारड. तिथे फाशी झाली. दोन्ही निकाल मीच टाइप केले. न्यायाधीश तेच, टाइपरायटर तोच. फरक काय, तर एकीकडे रडायला माणसं होती. त्या म्हातारीचा जीव काय कमी होता का गं?"

तिने वहीची पिशवी आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली.

"आपण तिघी आहोत तुझ्या बाबासाठी. आपण रडू. पण आपल्या रडण्याने कागदावरचं खोटं खरं होणार नाही."

"तुला तो फासावर गेलेला नकोय का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते, पण हात मांडीवर घट्ट आवळलेले. "हवाय. रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा हेच मनात येतं. म्हणूनच तर माझा माझ्यावर भरवसा नाही."

आईला तिने त्या संध्याकाळी सांगितलं. स्वयंपाकघरात, ओट्याशी उभं राहून, एकेक शब्द न चुकवता. आई ऐकत राहिली. मग तिने आत्याच्या हातातला पेला काढून घेतला आणि म्हणाली, "वन्सं, तुम्ही आता तुमच्या घरी जा."

शिक्षेच्या दिवशी आई आली, पण आमच्यापासून दोन रांगा लांब बसली. न्यायाधीशांनी शिंपीकाकांना पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं. या वेळी त्यांनी चष्मा आणला होता.

"शटर कसं होतं ते आठवून सांगा."

"वीतभर उघडं होतं साहेब. खालून दिवा दिसत होता. म्हणून तर मी वाकून पाहिलं. मी तेव्हाही हेच बोललो होतो."

टेबलाशी बसलेली ती मुलगी पांढरीफटक पडली. तिचे हात वहीवर थांबले. न्यायाधीशांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, मग सांगितलं, "लिहा." तिने लिहिलं.

मग मी बोलले. फोटो नेला नव्हता. मी बाबांबद्दल सांगितलं, की ते बिघडलेलं मशीन आधी कानाने ऐकायचे आणि मग उघडायचे. की त्यांचा मार मला कधी बसला नाही. मध्येच मला रडू आलं आणि मी थांबले. न्यायाधीशांनी घाई केली नाही. मग त्यांनी आत्याला विचारलं, तुम्हाला शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का?

आत्या उभी राहिली. एकतीस वर्षं ती अशाच एका खोलीत दुसऱ्यांचं बोलणं लिहीत आलेली, आणि आज पहिल्यांदा ती बोलणार आणि दुसरी लिहिणार होती. ती त्या मुलीकडे वळून हळूहळू बोलली, तिला लिहिता येईल अशा बेताने.

"मी मृताची मोठी बहीण. त्याला मी दहाव्या वर्षापासून वाढवलं. मला विचाराल तर मला या माणसाला फाशी झालेली हवी. पण मला हवी म्हणून ती देऊ नये. मला काय हवं ते माझ्या दुःखाचं म्हणणं आहे, आणि माझं दुःख या खटल्यात साक्षीदार नव्हतं. ते त्या संध्याकाळी दुकानात नव्हतं. तिथे काय झालं ते कागदावर आहे. ते बघून ठरवावं. एवढंच."

ती खाली बसली. टेम्पोवाला तोवर सगळा खटलाभर भिंतीकडे बघत आला होता. त्याने मान फिरवून आत्याकडे पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे वळला. आत्याने त्याच्याकडे पाहिलंच नाही.

जन्मठेप झाली. निकालाच्या शेवटी न्यायाधीशांनी लिहिलं होतं की मृताच्या बहिणीने स्वतःच्या इच्छेविरुद्ध जाणारी गोष्ट न्यायालयापुढे आणली, आणि याची हे न्यायालय नोंद घेते. आत्याने ते वाचलं आणि म्हणाली, "याची गरज नव्हती. निकाल आरोपीबद्दल असतो." पण मी त्या पानाची प्रत काढून ठेवली आहे. ज्याला आपल्या माणसांचा अभिमान बाळगायचा असतो त्याला काहीतरी हाताशी लागतं.

अर्थात तो अभिमान मला तेव्हा वाटला नव्हता. तेव्हा मी निव्वळ गोंधळलेली होते आणि आई तर पेटलेली. सहा महिने ती आत्याशी एक शब्द बोलली नाही. आत्या दर रविवारी यायची. दार मी उघडायची. आत्या भाजी निवडून ठेवायची, गादीच्या खोळी शिवायची आणि जायची. आई आतल्या खोलीत बसून राहायची. एकदाही आत्याने विचारलं नाही की अजून किती दिवस.

एका रविवारी आत्या निघाली होती. चप्पल पायात घातली होती. आई बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"तो फाशी गेला नाही म्हणून मी बोलत नाही असं वाटतं ना तुम्हाला?" ती म्हणाली.

आत्या थांबली. "नाही. तसं वाटत नाही."

"शटर पूर्ण बंद होतं म्हटलं की मला झोप लागायची. मी गेले असते तरी काही दिसलं नसतं, असं मी स्वतःला सांगायची. तुम्ही वीतभर उघडं केलंत. आता रोज मी त्या रस्त्याने जाते आणि खालून दिवा दिसतो. मी जाऊन बघितलं असतं तर दिसला असता. मी झोपले होते वन्सं."

मी मधल्या दारात उभी होते. दोघींपैकी कुणीच मला जा म्हणालं नाही.

"हे मला माहीत होतं," आत्या म्हणाली. "ते दोन दिवस मी फक्त त्याचाच विचार करत होते. त्या माणसाचा नाही. तुझा."

"आणि तरी केलंत."

"तरी केलं. खोट्यावर तुझी झोप किती दिवस टिकली असती? शिंपी रोज दुकानाशेजारीच बसतो. आज ना उद्या तो बोलता बोलता बोलून गेला असता. मग तू एकटी असतीस." तिने चप्पल काढली. "तू त्याची बायको. तो कामावर आहे असं तुला वाटलं, कारण तो तसाच माणूस होता. तुझी चूक असती तर मी तुला सांगितली असती. मी कुणाला सोडते का?"

आई हसली. हसली आणि तशीच खाली बसली. मग रडायला लागली. आत्या तिच्याजवळ जमिनीवर बसली. त्या दिवशी आत्या घरी गेली नाही आणि पुढे कधीच गेली नाही. तिच्या दोन खोल्या सोडून ती आमच्याकडे राहायला आली. काचेची बरणी आणि पेन्सिलींसकट.

ती कोर्टातली मुलगी, तिच्यावर कारवाई होणार अशी कुजबुज होती. आत्याने तिच्या वरिष्ठांना एक पत्र लिहिलं, की जनरेटर खिडकीखाली ठेवणाऱ्याला आधी विचारा. मग त्या मुलीला निरोप पाठवला, की सुट्टीच्या दिवशी ये. ती आली, दोन वर्षं येत राहिली. आत्या तिला गोंगाटात ऐकायला शिकवायची. मी दुकानातून घरी आणलेलं शिलाई मशीन चालू करायची, आई कुकर लावायची, शिंपीकाका दारातून काहीतरी पुटपुटायचे आणि त्या मुलीने शेवटचा शब्दसुद्धा टिपायचा. "ऐकू आलं नाही तर हात वर कर," आत्या सांगायची. "न्यायाधीश चिडले तर चिडू देत. त्यांची चिडचिड रेकॉर्डवर येत नाही." ती मुलगी आज त्याच कोर्टात वरिष्ठ स्टेनो आहे आणि नव्या मुलींना तीच शिकवते.

आत्या निवृत्त झाली तेव्हा तिच्या निरोप समारंभाला न्यायाधीश आले, वकील आले, शिपाई आले. एका वयस्क वकिलाने भाषणात सांगितलं की या बाईपुढे आम्ही जपून बोलायचो, कारण आमचं बोलणं ती आमच्याच तोंडावर परत फेकू शकायची. लोक हसले. आत्याला भाषण करायला सांगितलं तर म्हणाली, "माझं सगळं लिहून झालंय." आणि खाली बसली.

मी बाबांचं दुकान चालवते. ते शटर बदललं.

चौदा वर्षांनी तुरुंगाकडून एक पत्र आलं. टेम्पोवाल्याने मुदतीआधी सुटकेचा अर्ज केला होता. वागणूक चांगली, वय झालं, प्रकृती बरी नाही. मृताच्या कुटुंबाचं मत मागितलं होतं. आई तेव्हा थकली होती. तिने पत्र आत्याकडे सरकवलं. "तुम्हीच लिहा. तुम्ही लिहाल तेच माझं."

मला खात्री होती आत्या काय लिहील. हरकत नाही, असंच लिहील. इतकी न्यायी बाई ती. तिने टेबलाशी बसून लिहिलं आणि मला वाचायला दिलं. त्यात होतं: 'आमची हरकत आहे. तो बाहेर येऊ नये असं आम्हाला वाटतं. त्याचं कारण एवढंच की आम्हाला त्याचा अजून राग आहे आणि माझा भाऊ परत आलेला नाही. ही आमची भावना आहे, पुरावा नाही. तिला द्यायचं तेवढंच वजन द्यावं. त्याची वागणूक आणि प्रकृती याबद्दल आम्हाला माहिती नाही, ती आपण तपासावी.'

"आत्या, हे काय?" मी म्हणाले. "त्या वेळी तू स्वतःच पुरावा दिलास आणि आता..."

"त्या वेळी कुणी मला पुरावा मागितला नव्हता तरी तो माझ्याकडे होता, म्हणून दिला. आता मला काय वाटतं ते विचारलंय. खोटं कसं सांगू? क्षमा केली असं लिहू का? मग ते चांगुलपणाचं नाटक झालं." तिने पाकीट चिकटवलं. "मला राग आहे हे सांगायला मला लाज नाही वाटत. तो राग शिक्षा लिहायला बसू नये एवढंच माझं म्हणणं होतं."

त्या वर्षी अर्ज नाकारला गेला. दोन वर्षांनी मंजूर झाला. तो सुटला तेव्हा आदेशाची प्रत आम्हालाही आली. आत्या तेव्हा सत्तरीला आली होती, डोळ्यांना भिंग लावून वाचायची. मी शेजारी बसले होते, काय म्हणेल या धास्तीने. तिने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग पुन्हा पहिल्यावर आली. कारणं तिने दोनदा वाचली. सुटकेचा निर्णय घेणाऱ्या मंडळाने त्याची तब्येत तपासली होती, तुरुंगातली नोंद तपासली होती, आमचं पत्रही जसंच्या तसं उद्धृत केलं होतं.

"ठीक लिहिलंय," ती म्हणाली. "जे पाहायचं ते पाहिलंय. मला आवडलं नाही, पण ठीक लिहिलंय."

मग तिने पेन्सिल घेतली, तिसऱ्या ओळीतल्या एका चुकलेल्या वेलांटीखाली बारीक रेघ ओढली आणि कागद माझ्या हातात दिला. आईला औषध द्यायची वेळ झाली होती, म्हणून ती उठून आत गेली.